पोरगा एका जागी बसत नाही: व्हिडिओ कॉलवर एडीएचडीची तपासणी कशी होते

कापसाची दुसरी वेचणी चालू होती. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाची आई मधल्या सुट्टीत शाळेत आली. वावरातून थेट आली होती, पदराला आणि केसांना कापसाचे तंतू चिकटलेले. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, याले बाहेरचं काही लागलं का पाहा ना जी. मारून पाह्यलं, समजावून पाह्यलं, बुवाकडं नेऊन आणलं. घडीभर एका जागी बसत नाही. वही शाळेत राह्यते, चप्पल वावरात राह्यते. परवा चालत्या बंडीतून उडी मारली."

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गेली सतरा वर्षं शिकवते. अशी मुलं मी आधीही पाहिली होती आणि दरवेळी "खोडकर आहे, मोठा झाला की येईल वळणावर" असं सांगून आईबापांना परत पाठवलं होतं. काही खरंच वळणावर आली. काही सातवी-आठवीतच शाळेतून गळाली. त्यातल्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात, म्हणून या आईला तसंच परत पाठवायचं नाही असं ठरवलं.

पण पाठवायचं कुठे? बालमनोविकारतज्ज्ञ नागपूरला. जाण्यायेण्यात अख्खा दिवस, दोघांची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं वेगळं, आणि एका भेटीत काम होत नाही. या मुलाची तपासणी शेवटी बरीचशी व्हिडिओ कॉलवर झाली. ती कशी झाली, त्यात काय पाहतात, काय पाहता येत नाही, हे मला आधी कोणी नीट सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. म्हणून हे लिहिते आहे.

कासरा ढिला असतो

एडीएचडी म्हणजे मेंदूच्या वाढीतला एक वेगळेपणा. यात लक्ष टिकवणं, हालचाल आवरणं आणि मनात आलेलं लगेच करून न टाकणं, या तीन गोष्टी वयाच्या मानाने फार अवघड जातात. तो आईच्या लाडाने होत नाही, मार कमी पडला म्हणूनही होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आणि हे मोबाइल आल्यापासूनचं खूळ आहे असंही नाही: 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचं वर्णन डॉक्टरांसमोर व्याख्यानांमधून केलं होतं. जगभरचे अभ्यास एकत्र पाहिले तर शंभरातल्या साधारण पाच मुलांमध्ये हे आढळतं. म्हणजे चाळीसच्या वर्गात एक-दोन.

गावात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "मोबाइलवर तर तासभर हलत नाही, मग लक्ष नाही कसं म्हणता?" मला हे असं समजलं. बैल ताकदीचा आहे, बंडीही धड आहे, पण हातातला कासरा ढिला आहे. बैलाला आवडीची वाट मिळाली की तो सुसाट जातो. नावडत्या वाटेवर त्याला वळवायचं, थांबवायचं, तर कासरा लागतो. मोबाइलमध्ये दर सेकंदाला नवं काही घडतं, तिथे कासऱ्याची गरजच पडत नाही. पाढे लिहिताना पडते. त्यामुळे मोबाइलवर बसतो यावरून एडीएचडी नाही असं ठरत नाही, आणि आहे असंही ठरत नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. सगळीच मुलं उड्या मारणारी नसतात. काही नुसती हरवलेली असतात. खिडकीबाहेर पाहतात, फळ्यावरचं अर्धंच उतरवतात, नाव घेतलं की दचकतात. मुलींमध्ये हा प्रकार हमखास नजरेतून सुटतो, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत. आईबाप दवाखान्याची वाट धरतात ती त्रास देणाऱ्या मुलासाठी.

डॉक्टर नेमकं काय शोधतात

एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. एमआरआयमध्ये ते दिसत नाही. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, डॉक्टर फिट्सची शंका असेल तर काढायला सांगतात. एडीएचडी ठरवायला तो लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "ब्रेन मॅपिंग"च्या नावाखाली हजारो रुपये मोजून आलेले पालक मी पाहिले आहेत.

निदान होतं ते माहितीवरून. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये काढलेली डीएसएम-5 ही नियमावली आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. तिच्यात लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आहेत आणि अतिचंचलतेची व उतावीळपणाची मिळून नऊ. मुलामध्ये यातल्या एका गटातली किमान सहा लक्षणं हवीत; वय 17 किंवा त्याहून जास्त असेल तर पाच. ती निदान सहा महिने टिकलेली हवीत. त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसायला हवीत. ती दोन किंवा अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत, दिसायला हवीत. त्यांच्यामुळे रोजचं जगणं अडायला हवं. आणि शेवटची अट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: या लक्षणांना दुसरं कारण नसावं.

ही यादी पुन्हा वाचून पाहा. हाताने तपासण्यासारखं यात जवळपास काही नाही. सगळं विचारण्याचं आणि ऐकण्याचं काम आहे. मुलाला वर्षानुवर्षं पाहणारी माणसं, म्हणजे आई, आजी, अंगणवाडीताई, मास्तर, ही गावातच असतात. नागपूरच्या तज्ज्ञाला दवाखान्यात एकट्या आईची अर्धी कहाणी ऐकायला मिळते. व्हिडिओवर तो आमच्यापर्यंत पोचला तर सगळ्यांची ऐकायला मिळते. म्हणूनच ही तपासणी पडद्यावरून जमते. उपचाराच्या बाबतीतही याला आधार आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि ओरेगॉन या राज्यांत, तज्ज्ञांपासून लांब राहणाऱ्या 223 मुलांवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओवरून तज्ज्ञांचे उपचार मिळालेल्या मुलांमध्ये, जवळच्या नेहमीच्या डॉक्टरकडेच उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. त्या दुसऱ्या गटाच्या डॉक्टरांनाही तज्ज्ञाचा सल्ला एकदा मिळाला होता, तरी.

त्या दिवशी ऑफिसच्या खोलीत

भेट शाळेच्या ऑफिसात ठरवली, कारण नेटवर्क तिथेच बरं येतं. मोबाइल हजेरीच्या रजिस्टरांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला. डॉक्टर मॅडमनी आधी स्वतःचं नाव आणि नोंदणी क्रमांक सांगितला, आईचं ओळखपत्र पाहिलं, खोलीत कोण कोण आहे ते विचारलं, आणि कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर फोन करू तेही लिहून घेतलं. ही औपचारिकता नाही. केंद्र सरकारने 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले, त्यात डॉक्टरने आणि रुग्णाने एकमेकांची ओळख पटवणं बंधनकारक आहे, आणि लहान मुलाची तपासणी सोबत मोठं माणूस असेल तरच करता येते.

मला वाटलं होतं, आता लक्षणांची यादी वाचून दाखवतील. त्यांनी आईला एवढंच विचारलं, "काल सकाळी उठल्यापासून सांगा."

आई म्हणाली, "उठला. ब्रश तोंडात घातला अन् तसाच कोंबडीमागं पळाला. ब्रश कुठं पडला, अजून सापडला नाही."

"हे कालचं, की नेहमीचं?"

"रोजचंच जी. ब्रश दर महिन्याले नवा लागते."

"कधीपासून असा आहे?"

"अंगणवाडीत होता तवापासून. ताई म्हणायच्या, याले दोरीनं बांधून ठेवा."

"मोठ्या मुलाचं या वयात असं होतं?"

"नाही जी. तो गपगार पोरगा."

एका ब्रशच्या गोष्टीतून चार गोष्टी निघाल्या. हे वारंवार होतं, लहानपणापासून आहे, घराबाहेर अंगणवाडीतही होतं, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या मुलात नाही. पुढचा तासभर असाच गेला: जेवण, अभ्यास, झोप, भांडणं, सणासुदीला पाहुण्यांकडे गेल्यावर काय करतो. मग बाळंतपण: दिवस भरले होते का, वजन किती होतं, लगेच रडला का. झटके, डोक्याला मार, घरात कुणाला असा त्रास.

या शेवटच्या प्रश्नावर कोपऱ्यात उभा असलेला बाप पहिल्यांदा बोलला. "मी बी असाच होतो. मास्तरनं वर्गाबाहेर उभं केलं, त्या दिसापासून शाळा सोडली." डॉक्टरांनी तेही टिपून घेतलं.

मुलगा पहिली पंधरा मिनिटं अगदी शहाण्यासारखा बसला. मला धास्ती वाटली की आता डॉक्टर म्हणतील, याला काही नाही. नवी जागा, नवं माणूस, मोबाइलचा पडदा, एवढ्यावर कोणतंही मूल थोडा वेळ शांत बसतं, आणि तज्ज्ञाला हे माहीत असतं. तेवढ्यात त्याने माझा बॉलपेन उघडला, स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली आणि तो कपाटाखाली. मोबाइल मागे सरकवून पूर्ण खोली दिसेल असा ठेवा, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं ते यासाठीच. नुसता चेहरा दिसत असेल तर टेबलाखाली हलणारे पाय दिसत नाहीत.

नंतर आम्हा मोठ्यांना बाहेर काढलं. आई दाराच्या चौकटीत, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर. मुलाच्या कानाला हेडफोन. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्यातलं एकच वाक्य डॉक्टरांनी मुलाला विचारून मग आम्हाला सांगितलं: "मी ढ आहे, असं मला रोज वाटतं." नऊ वर्षांचं पोर. आईने पदर तोंडाला लावला.

फॉर्ममधली गफलत

भेटीआधी दोन फॉर्म आले होते, एक पालकांचा, एक शिक्षकाचा. आमच्याकडे व्हँडरबिल्ट नावाची प्रश्नावली आली. 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी ती सर्रास वापरतात. पालकांच्या फॉर्मवर 55 बाबी, शिक्षकांच्या फॉर्मवर 43. प्रत्येक लक्षणापुढे कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी यांतलं एक निवडायचं, शून्य ते तीन गुण. 'बऱ्याचदा' किंवा 'नेहमी' असेल तरच ते लक्षण मोजतात. कॉनर्स, स्नॅप-4 अशाही प्रश्नावल्या आहेत, आणि भारतातल्या 6 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी इन्क्लेन संस्थेने तयार केलेलं स्वतंत्र साधन आहे.

आईला मी फॉर्म वाचून दाखवला तर तिने सगळ्यालाच 'नेहमी' म्हटलं. का, तर कमी सांगितलं तर औषध मिळणार नाही. दुसऱ्या एका घरी उलट अनुभव आला. पोरीच्या लग्नाच्या वेळी नाव निघेल म्हणून सगळ्याला 'कधीच नाही'. दोन्ही वेळा फॉर्म वाया. त्यामुळे आता मी आधी सांगते: याच वयाच्या शेजारच्या पोराशी तुलना करा आणि गेल्या सहा महिन्यांचं आठवून सांगा. प्रत्येक 'नेहमी'साठी एक प्रसंग मागते. आणि शिक्षकाचा फॉर्म शिक्षकाने एकट्याने भरावा. मी माझा फॉर्म आईचा ऐकण्याआधीच भरून पाकिटात घातला होता, याचं डॉक्टरांना फार बरं वाटलं.

फॉर्मसोबत मी वह्यांचे फोटो पाठवले. सुरुवातीची तीन गणितं बरोबर, अक्षर सुरेख, चौथ्यापासून घसरण आणि सातव्यापुढे कोरं पान. डॉक्टर म्हणाल्या, हे पान गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगतं. वर्गाचा व्हिडिओ मात्र त्यांनी मागितला नाही आणि मी पाठवलाही नसता. बाकीच्या पोरांच्या आईबापांची परवानगी कुठे होती?

दुसरं कारण नाही ना?

यावर थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या भागात निदान चुकतं ते इथे.

लक्ष नसण्याची पहिली कारणं साधी असतात. कान फुटलेलं मूल हाक ऐकत नाही. नजर कमी असलेलं मूल फळ्यावरचं अर्धंच उतरवतं. ॲनिमिया असलेलं मूल दुपारी पेंगतं. रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल सकाळी चिडचिडं आणि अस्वस्थ असतं, कारण त्याची झोपच झालेली नसते. काही मुलांना फिट येते ती झटक्यांची नसते. मूल चार-दहा सेकंद टक लावून थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. आम्ही त्याला तंद्री म्हणतो.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे विसरून चालणार नाही. सिकलसेलच्या आजारात काही मुलांच्या मेंदूत बाहेरून न कळणारे छोटे आघात होतात आणि त्याने लक्ष व अभ्यास दोन्ही मागे पडतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट या पट्ट्यातल्या मुलाबद्दल बोलताना सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगावं.

मग भाषा. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, कोलाम पोडावरचं कोलामी, गोंड घरातलं गोंडी, मेळघाटातलं कोरकू. पहिली-दुसरीत त्याला आमची पुस्तकी मराठी कळतच नाही. न कळणाऱ्या भाषेत पाच तास बसवलं तर कोण स्थिर बसेल? माझ्या मनाला हे फार लागतं, कारण अशा मुलांना 'लक्ष नाही' हा शेरा मी स्वतः दिलेला आहे. भेटीत मूल घरच्या भाषेत कसं वागतं हे सांगणारं कुणीतरी हवं, आजी असली तर उत्तमच.

आणि घर. ज्या घरात बापाने कर्जापायी जीव दिला, त्या घरातलं पोर वर्गात हरवलेलं असतं. जिथे रोज रात्री दारूवरून भांडण होतं, तिथलं पोर सतत सावध, सतत हलतं. हे एडीएचडीसारखंच दिसतं. फरक कळतो तो काळावरून: हे कधीपासून? घटनेआधीही असंच होतं का? म्हणून आईला घरातलं सांगायला संकोच वाटत असेल तर तिने डॉक्टरांशी एकटीने बोलावं. शेजारीणबाईंना घेऊन व्हिडिओसमोर बसू नये.

वर्गातलं सगळ्यात लहान मूलही गफलतीत सापडतं. वर्गमित्रांपेक्षा दहा-अकरा महिन्यांनी लहान असलेल्या मुलावर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. जन्मतारीख पाहायला एक मिनिट लागतं.

शिवाय वाचन-लेखनाची अडचण, चिंता, स्वमग्नता या गोष्टी एडीएचडीच्या ऐवजी असू शकतात तशा एडीएचडीसोबतही असतात. एक सापडलं म्हणून दुसरं शोधणं थांबवायचं नसतं. आमच्या मुलाला वाचायला लावल्यावर डॉक्टरांना शंका आली आणि त्याची वेगळी चाचणी जिल्ह्याला प्रत्यक्ष घ्यायची ठरली. त्या चाचण्या समोरासमोरच घ्याव्यात, असं त्यांचं मत होतं.

पडद्यावरून जे होत नाही

वजन, उंची, नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके, कान, डोळे. हे कुणीतरी हात लावून पाहावं लागतं, आणि औषधाचा विचार असेल तर आधीच पाहावं लागतं. सुदैवाने यासाठी नागपूर लागत नाही. आमचं हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात एका सकाळी झालं. आकडे कागदावर लिहून, फोटो काढून डॉक्टरांना पाठवले.

दुसरी अडचण औषधाची. एडीएचडीसाठी जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. भारतात ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, आणि अंमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येतं. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे अशी औषधं व्हिडिओ भेटीवर लिहून देता येत नाहीत. प्रत्यक्ष भेटीनंतरच चिठ्ठी मिळते, तीही दोन प्रतींत. एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, आणि विक्रेत्याकडे त्यासाठीचा वेगळा परवाना असावा लागतो. म्हणजे व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवून हे औषध देतो असं कुणी म्हणत असेल तर ते बेकायदेशीर आहे. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध शेड्यूल एक्समध्ये नाही. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

हा कडकपणा जाचक वाटतो, मलाही वाटला. पण अमेरिकेत कोविडच्या काळात प्रत्यक्ष न भेटता अशी औषधं लिहून देण्याची सवलत दिली गेली, आणि 2024 मध्ये तिथल्या एका ऑनलाइन कंपनीच्या प्रमुखांवर ही औषधं वाटेल तशी वाटल्याबद्दल फौजदारी आरोप झाले. त्यात फटका कुणाला बसतो? ज्यांना खरंच गरज आहे, त्यांनाच. सगळेच संशयित ठरतात.

इथे एक अनुभव सांगते. माझ्या नात्यातल्या एका भाच्याने मोबाइलवरची जाहिरात पाहून वीस प्रश्नांची चाचणी दिली, पैसे भरले, दहा मिनिटांत "एडीएचडी: तीव्र" असा रंगीत अहवाल आला. कुणी आईशी बोललं नाही, शाळा कशी होती विचारलं नाही, झोपेचं विचारलं नाही. तो रात्रपाळी करतो, चार तास झोपतो. प्रश्नावली ही चाळणी असते. चाळणीत अडकलं ते दाणा आहे की खडा, हे हातात घेऊनच पाहावं लागतं.

मोठ्या माणसाची तपासणीही व्हिडिओवर होते. त्यात बारा वर्षांआधीचा पुरावा हवा असतो: जुनी प्रगतिपत्रकं, आईची किंवा थोरल्या बहिणीची आठवण. आमच्या मुलाच्या बापाला डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं आहे, तुमच्या आईला पुढच्या वेळी फोनवर घ्या.

सुरुवात कुठून करायची

सगळ्यात जवळची वाट शाळेतूनच जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते ज्या व्याधी पाहतं त्यांच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे, हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊकच नाही. पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. आमची साखळी अशीच सुरू झाली. पथक आलं की गोंधळात दाताखरजेचीच मुलं पुढे जातात. त्या दिवशी अशा मुलाचं नाव आपण स्वतः तोंडाने घ्यावं.

उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात, तेही मोफत. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. फोनवर निदान होणार नाही, पण कुणाकडे जायचं ते कळतं. खासगी डॉक्टर निवडला तर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आधी विचारा. हे विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

आमच्या मुलाचं निदान तिसऱ्या भेटीत झालं, दोन भेटी व्हिडिओवर आणि एक प्रत्यक्ष. अहवाल दोन पानांचा. कोणती लक्षणं, कुणी सांगितली, कोणती दुसरी कारणं पाहून बाजूला ठेवली, घरी काय, शाळेत काय, पुढची भेट कधी, सगळं त्यात आहे. औषधाआधी आईबापांचं प्रशिक्षण आणि वर्गातले बदल सुरू केले. एका वेळी एकच सूचना. गणितं दहाऐवजी पाच-पाच करून दोनदा. बाक पहिला, खिडकीपासून लांब. आणि दर तासाला हजेरीचं रजिस्टर ऑफिसात नेऊन द्यायचं काम त्याचं, कारण त्याला उठायचंच असतं.

आईला मी घरी जाऊन अहवाल वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "म्हणजे माह्या मारानं बिघडला नाही ना हा?" अहवालात तसं कुठेच लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं. ब्रशला तिने आता दोरी बांधली आहे, मोरीजवळच्या खिळ्याला. पुढची व्हिडिओ भेट पोळ्यानंतरच्या सोमवारी आहे. त्याआधी उपकेंद्रात जाऊन त्याचं वजन करून आणायचं आहे.